मालाचा कारभारी कोण?

गावात नाचणीचे पापड करणारा बचतगट निघाला की अध्यक्ष, सचिव ही पदे तत्काळ भरली जातात. परंतु पापड कोणासाठी, केवढा व कोणत्या भावाचा, हे ठरवून त्याबद्दल जाब देणारे कोणीच नसते. मोठ्या कारखान्यांत या कामास स्वतंत्र माणूस असतो. त्यास प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकएलरॉय यांनी १९३१ साली एकेका मालासाठी असा जबाबदार माणूस मागितला, तेथून ही पद्धत पसरली.

हे काम कारखान्यांचेच, हा समज मात्र चुकीचा आहे. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग आरंभिला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे उत्तम व हलका असे दोन प्रकार निघू लागले, तेव्हा कर्जाऊ रक्कम देणारे छगनलाल पारेख यांनी एकाच उत्तम प्रतीचा आग्रह धरला. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्याने चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी पापड खाटेवर पसरून खाली स्टोव्ह ठेवण्यात आला. काय करावयाचे नाही हे ठरविणे आणि माल खंडू न देणे, यात कारभाऱ्याचे निम्मे काम आले.

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावास, जेथे पावसाळ्यात ऊन दुर्मिळच, हे अधिकच लागू आहे. तेथे गिऱ्हाईक दोन प्रकारचे संभवते: मुंबईस असलेले चाकरमानी आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरास जाणारे प्रवासी. एकास घरच्या चवीचे किलोभर पीठ हवे, दुसऱ्यास वजन व तारीख छापलेले लहान पाकीट. लहान गटाने दोघांमागे एकदम धावू नये. प्रथम चाकरमानी धरावा. माल बिघडला तर तो तोंडावर सांगतो, प्रवासी पुन्हा भेटतच नाही. नाचणीचा दाणा वर्षानुवर्षे टिकतो, पीठ तितके टिकत नाही. म्हणून मागणी आल्यावरच दळावे.

कारभारीण नेमताना शिक्षणापेक्षा चौकसपणा पाहावा. (ती सरपंचांच्या घरचीच असावी असेही नाही.) तिला इतर बायांवर हुकूम चालविता येणार नाही, परत आलेले पाकीट सर्वांसमोर फोडून, चव दाखवूनच बदल पटवावा लागेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम स्वतःकडे घेण्याचा मोह टाळावा. त्यांची बदली होते, गट गावातच राहतो.