स्काइपचें अवसान

५ मे २०२५ रोजीं स्काइप नांवाची संभाषणसेवा तिच्या धन्यानें कायमची बंद केली. अशा प्रसंगीं बोलण्याची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे: चार आठवणी, दोन उसासे, आणि शेवटीं "काळाचा महिमा" हें पालुपद. या पालुपदाविषयींच आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. काळ कोणाचें दुकान बंद करीत नसतो. कुलूप लावणारा हात माणसाचा असतो, आणि तो कोणाचा हें विचारण्याचा गिऱ्हाइकांस पूर्ण अधिकार आहे.

जालना जिल्ह्यास या प्रश्नाशीं काय कर्तव्य, असें पुण्यामुंबईचे कांहीं गृहस्थ म्हणतील. त्यांनीं एकदां अंबड-परतुराकडील सुशिक्षित घरांत चौकशी करावी. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या धंद्यानें नांवारूपास आलेल्या या भागांतून जो मुलगा अभियंता होऊन बाहेर पडला, तो पुण्यास थांबला नाहीं तर न्यूजर्सीस किंवा कॅलिफोर्नियास जाऊन थांबला. मागें राहिलीं आईबापें. रविवारीं सकाळीं आठाच्या सुमारास, म्हणजे तिकडे शनिवारची संध्याकाळ असतां, पदर सारखा करून संगणकापुढें बसणारी आजी, भारनियमनाच्या धास्तीनें घड्याळाकडे पाहणारे आजोबा, आणि पडद्यावर अडखळत उमटणारें नातवंडाचें तोंड, हा देखावा २००६ नंतर कैक वर्षें मराठवाड्यांतल्या अशा घरांतला आठवड्याचा सणच होता. ज्या पिढीनें ट्रंककॉलच्या तीन मिनिटांत सगळें क्षेमकुशल उरकलें, तिला तासभर कांहींएक न बोलतां नुसतें समोर बसून राहण्याची चैन प्रथम मिळाली ती या सेवेमुळें.

ही सेवा २००३ सालीं स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम व डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनीं काढली. तिची यंत्ररचना एस्टोनियांतील तरुणांनीं केली. तिची खुबी अशी कीं, निरोप वाहण्याचें बहुतेक काम वापरणाऱ्यांचेच संगणक आपसांत करीत. खर्च थोडा, म्हणून सेवा फुकट. २००४ पासून तर थोडे पैसे भरून साध्या टेलिफोनवरही बोलतां येऊं लागलें. ज्या घरांत संगणक नव्हता त्या घरचीही घंटा अमेरिकेंतला मुलगा वाजवूं शकला. २००५ सालीं ईबे कंपनीनें ही सेवा सुमारें २६० कोटी डॉलरांस घेतली, आणि २०११ सालीं मायक्रोसॉफ्टनें ८५० कोटी डॉलर मोजले.

पुढची कथा हयगयीची आहे. संगणकास मानवणारी जुनी रचना खिशांतल्या फोनच्या बॅटरीस झेपेना, म्हणून ती बदलून मोठ्या केंद्रांवर नेणें भाग होतें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु हें स्थलांतर वर्षानुवर्षें रेंगाळलें. तेवढ्या अवधींत व्हॉट्सॲपनें २०१५ सालीं बोलणें व २०१६ सालीं चेहरा दाखविणें सुरू केलें. इकडे २०१४ च्या नोव्हेंबरांत भारतांतल्या भारतांत साध्या टेलिफोनवर बोलण्याची स्काइपची सोय बंदच झाली. २०१७ सालीं सेवेचें रूप पोरकट तऱ्हेनें पालटण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं धन्यानें कचेऱ्यांसाठीं टीम्स नांवाचें दुसरें अपत्य पुढें आणलें. मग थोरल्याचे कपडे धाकट्यास घालण्याचा उद्योग सुरू झाला. तरीही २०२० च्या मार्चांत, साथीच्या दिवसांत, स्काइप रोज सुमारें चार कोटी लोक वापरीत होते. ज्याच्या दारीं चार कोटी माणसें उभीं आहेत तो मरावयास टेकला होता असें म्हणणें धाडसाचें आहे.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो: फुकट खाल्ल्या जेवणाला मीठ कमी म्हणणारे तुम्ही कोण? आम्ही विचारतों, ते ८५० कोटी डॉलर कशाचे होते? नुसत्या यंत्ररचनेचे खास नव्हेत. ते कोट्यवधि घरांच्या संवयीचे होते, आणि त्यांत आमच्या परतुरच्या आजीची रविवार सकाळही आली. जिच्या संवयीवर सौदा झाला तिला फुकटी म्हणणें हा उलटा न्याय झाला.

दुसरा आक्षेप असा कीं, व्हॉट्सॲप आहे ना? आहे. पण तें उद्यां कोणाच्या हातीं जाईल आणि तो त्याचें काय करील? १८७४ सालीं बर्न येथें राष्ट्रांनीं टपालाचा करार केला. कोणत्याही देशांत टाकलेलें पत्र दुसऱ्या देशांत पोंचूं लागलें. टेलिफोनचेंही तसेंच: एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या फोनवर वाजतो. (जालनेकरांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. निजामाचें टपाल वेगळें, त्याचें तिकीट संस्थानाबाहेर चालत नसे. आमच्या आजोबांच्या पिढीनें ती कटकट सोसली आहे.) आज मात्र प्रत्येक संभाषणसेवा आपापलें संस्थान करून बसली आहे. एक संस्थान खालसा झालें कीं तेथल्या रयतेनें गांठोडें बांधून दुसऱ्याच्या वेशीशीं जावें.

युरोपांत यावर इलाज सुरू झाला आहे. तेथील २०२२ च्या कायद्यानें मोठ्या सेवांवर अशी सक्ति केली कीं, लहान सेवांनीं मागणी केल्यास त्यांचे निरोप आपल्या वेशींतून आंत येऊं द्यावेत. व्हॉट्सॲपचें नांव त्या यादींत आहे, आणि २०२४ च्या मार्चापासून तें बंधन लागू झालें. आमच्या सुशिक्षित वर्गानें अशी मागणी स्वतः होऊन कधीं केली? मुलगा दिवाळींत घरीं आला, त्यानें जुनी सेवा काढून नवी बसवून दिली, आणि कोणतें बटण दाबावयाचें तें आजीला कागदावर लिहून दिलें. तो कागद टेलिफोनजवळच्या भिंतीवर, मागच्या कागदाच्या वरच चिकटवलेला आहे.