सणाची यादी आणि बाजाराची पावती

जयंती पंधरा दिवसांवर आली की चंदगड-बेळगाव एस.टी.त पाय ठेवायला जागा मिळत नाही. जाताना घडी घातलेल्या पिशव्या काखेत असतात. येताना त्याच पिशव्या, शिवाय मोठ्या मार्टच्या छापील पिशव्या, मांडीवर, पायाशी आणि वरच्या फळीवर कोंबलेल्या असतात. बुद्ध पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची, गोव्याची मुले घरी आली की पुन्हा तेच दृश्य. कारण विचारले तर घरोघरी एकच उत्तर मिळते, "तिकडं सस्त गावतंय की!" खरोखर स्वस्त मिळते का, मिळत असेल तर किती, आणि सण आटोपल्यावर घरात काय उरते, याचा हिशेब आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही ठरवले आहे. पावती हातात आली की बेरीज तपासायची, ही आम्हा कारकून मंडळींची जुनीच खोड.

चंदगडकरांचे पाय बेळगावकडे का वळतात, हे सांगायला नको. आपला तालुका मुळात बेळगाव जिल्ह्यातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले. सातबारा आणि दाखले कोल्हापूरकडे गेले, बाजार मात्र बेळगावलाच राहिला. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. तेव्हा बेळगावला जाण्यात नवल काही नाही. पूर्वी माणसे बेळगावच्या पेठेत जात, आता काचेच्या दारातून मार्टमध्ये जातात, एवढाच फरक.

या काचेच्या दाराचे एक मोल आहे, आणि ते आम्ही नाकारणार नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला दुकानाच्या पायरीवर चढता येत नव्हते. दुकानदार लांबूनच पुडी टाकायचा आणि दिलेल्या नाण्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा तेथे येऊन चहा पिण्यासाठी खुद्द छत्रपती शाहू महाराजांना पुढे व्हावे लागले. एका कप चहासाठी राजाला यावे लागले, असा तो काळ होता. आज आपली आई-बहीण मार्टमध्ये जाते, आपल्या हाताने डाळीचे पाकीट उचलते, उलटसुलट पाहते, नको असेल तर परत ठेवते. कोणी आडनाव विचारत नाही, कोणी "हात लावू नका" म्हणत नाही. हा मान मोठ्या लढ्यातून मिळाला आहे. म्हणूनच या मानाने मिळालेल्या खरेदीचे रूपांतर कर्जात होऊ नये, असे आम्हाला वाटते.

मार्ट स्वस्त का असते?

महाराष्ट्रात आता घराघरांत माहीत झालेल्या डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. अशा दुकानांची स्वस्ताई दोन गोष्टींवर उभी असते. माल एकगठ्ठा प्रचंड प्रमाणात घ्यायचा आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे. मोठी खरेदी आणि रोख पैसा, म्हणून त्यांना माल स्वस्त पडतो आणि त्यातला थोडा भाग ते गिऱ्हाइकाला देतात. यात जादू नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पण दुकान चालते ते स्वस्त साखरेवर नव्हे. साखर-तेलासाठी आलेला माणूस आणखी काय काय उचलतो, त्यावर ते चालते. रोज लागणारी डाळ गाठायला बिस्किटे, शीतपेये, प्लॅस्टिकचे डबे ओलांडून जावे लागते, तो योगायोग नसतो. बिग बझार नावाच्या दुकानांनी २६ जानेवारी २००६ रोजी, म्हणजे ऐन प्रजासत्ताकदिनी, सर्वांत स्वस्त दिवसाची जाहिरात केली. गर्दी इतकी उसळली की काही ठिकाणी दारे बंद करावी लागली. आपण ज्या दिवशी संविधानाला वंदन करतो तो दिवस अशा रीतीने खरेदीचा सण झाला. २०२२ मध्ये ती दुकाने बंद पडली, पण सणाला सूट लावण्याची रीत मागे राहिली.

एका घराचा हिशेब

समजा, एका घराची सणाची यादी अशी आहे : गोडेतेल, साखर, गूळ, रवा, बेसन, हरभराडाळ, मैदा, पोहे आणि खिरीसाठी थोडा सुका मेवा. गावच्या दुकानात ती २,००० रुपयांना पडते. मार्टमध्ये शेकडा ८ रुपये कमी लागले असे धरू. म्हणजे १,८४० रुपये झाले आणि १६० वाचले.

आता दुसरी बाजू. नवरा-बायको दोघे गेले. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. शिनोळीच्या पुढे पूर्ण भाडे. दोघांचे जाऊन-येऊन २२० रुपये धरा. बरोबर लेकरे आहेत, त्यांचा वडा, आइस्क्रीम आणि मोठ्यांचा चहा मिळून १५०. गल्ल्यावर पिशवी घेतली, १५. हे झाले ३८५ रुपये. म्हणजे १६० रुपये वाचवायला ३८५ खर्च झाले. २२५ रुपयांचा तोटा, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती आम्ही धरलेलीच नाही. त्यातच यादीत नसलेल्या वस्तू आल्या. एकावर एक फुकट म्हणून शेवयांची दोन पाकिटे, एक चॉकलेटचा डबा, एक रंगीत बरणी. समजा ६०० रुपये. एकूण २,८२५ झाले. गावात २,००० मध्ये होणारा सण ८२५ रुपयांनी महागला, आणि घरी आल्यावर सगळे म्हणतात, स्वस्तात झाले.

न्यायाने बोलायचे तर जो माणूस दवाखान्यासाठी वा कामासाठी बेळगावला जाणारच आहे आणि हातातल्या यादीबाहेर जात नाही, त्याचे १६० रुपये खरेच वाचतात. त्याने जरूर घ्यावे. आमचा आक्षेप फक्त सवलतीसाठी केलेल्या प्रवासाला आहे.

पाकीट वाचायला शिकू या

आपली मुले आता शिकली आहेत. त्या शिक्षणाचा उपयोग पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचायला करावा. छापील कमाल किमतीवर सूट लिहिलेली असते, पण छापील किमतीपेक्षा कमी भावाने गावचा दुकानदारही बऱ्याच वस्तू देतो. तुलना छापील किमतीशी न करता गावातल्या भावाशी करावी.

वजनाचेही तसेच. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे अशा काही वस्तू ठरावीक वजनातच पाकीटबंद करण्याचे बंधन होते. २०२१ साली नियम बदलले आणि ते बंधन निघाले. त्याच दुरुस्तीने पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापणे आले. एक लिटर गोडेतेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १४२ रुपयांना आहे आणि शेजारी ८५० ग्रॅमची १३६ रुपयांना. दिसायला दोन्ही सारख्या. हात १३६ कडे जातो. पण पहिलीचा भाव किलोला १५६ रुपये पडतो आणि दुसरीचा १६०. स्वस्त दिसलेली पिशवी महाग निघाली.

करही पाहावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, पाकीटबंद धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जी.एस.टी. आहे. तीच डाळ पोत्यातून सुटी घेतली तर कर नाही. स्वच्छ, निवडलेली सुटी डाळ मिळत असेल तर चकचकीत पाकिटासाठी जादा पैसे का द्यावेत? तेल मात्र पाकीटबंदच घ्यावे. सुटे तेल विकायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात भेसळ सोपी असते.

पिशवीचे पैसे आधी न सांगता गल्ल्यावर लावणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका साखळी दुकानाच्या प्रकरणात ठरवले आहे. मापात, भावात फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती मात्र जपून ठेवावी.

एक गोष्ट तर खास आपल्या तालुक्याची. उन्हाळ्यात आपण काजू बी पोत्याने विकतो आणि सणाला बेळगावहून काजूगराचे पाकीट विकत आणतो. साधारण चार किलो बीपासून एक किलो गर निघतो, तेव्हा गर महाग असणारच. पण खिरीत घालायला अख्खा पांढरा काजू कशाला हवा? काजूची प्रत दाण्याच्या आकारावर आणि अखंडपणावर ठरते, चवीवर नाही. पाकळी किंवा तुकडा काजू पुष्कळ स्वस्त असतो आणि शिजल्यावर कोणी ओळखत नाही. तांदूळ आपल्या शेतातला, नाहीतर शेजारच्या आजऱ्याचा घनसाळ. सुजाताने सिद्धार्थाला दिली ती खीर कोणत्याही मार्टमधून आली नव्हती.

ओझे कोणी उचलायचे?

२०२२ च्या दिवाळीला शासनाने रेशनकार्डावर आनंदाचा शिधा सुरू केला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्तही तो मिळाला. काही ठिकाणी उशिरा पोचला, पण गरिबाच्या कढईत तेल पडले. २०२५ च्या गणपती-दिवाळीत तो आला नाही. सरकारी मदत येते आणि जाते. सण दरवर्षी येतोच.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागे रखडत येते आणि कष्टकऱ्याच्या नुकसानीतून दुसऱ्याचा फायदा होतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. शंभर वर्षांनंतरही आपल्या घरातला अनुभव वेगळा नाही. भावावर आपला ताबा नाही. खरेदी कशी करावी यावर मात्र आहे.

आता सुरुवातीची ती गोष्ट आठवा. मार्ट स्वस्त घेते ते एकगठ्ठा आणि रोखीने घेते म्हणून. मग दहा घरांनी एकत्र येऊन तेच केले तर? हा प्रयोग नवा नाही. मुंबईच्या कामगारांनी १९४८ साली नायगावात सहकारी दुकान काढले, त्यातूनच अपना बाजार उभा राहिला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत तर दुकानच काढत नाही. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, याद्या एकत्र होतात, माल ठोक भावाने येतो आणि सभासद तो आपसात वाटून घेतात.

आमची सूचना अशी आहे.

पहिली : सणाच्या पंधरा दिवस आधी दहा घरांच्या याद्या एकत्र कराव्यात. प्रत्येकी २,००० म्हणजे २०,००० रुपयांची खरेदी होते. दोन-तीन व्यापाऱ्यांकडे भाव विचारावा. रोख आणि एकदम खरेदी म्हटल्यावर व्यापारी भाव सोडतो. शेकडा ५ सोडले तरी घरामागे १०० रुपये वाचतात, आणि कोणाची मजुरी बुडत नाही.

दुसरी : साखर, डाळ पोत्याने, तेल बारा पिशव्यांच्या बॉक्सने घ्यावे. वाटणी विहारात, सर्वांसमक्ष, काट्यावर व्हावी. हिशेबाची वही एका भगिनीकडे असावी.

तिसरी : रोख पैसा आधी साठवावा. १४ ऑक्टोबर ते १४ एप्रिल बरोबर २६ आठवडे होतात. आठवड्याला ८० रुपये बचत गटात टाकले तर २,०८० जमतात. सणासाठी कर्ज काढण्याची वेळ येत नाही.

चौथी : वर्षभर उधारी देणाऱ्या गावच्या दुकानदाराला विसरू नये. मृग लागल्यावर चंदगडच्या पावसात आठ-आठ दिवस काम नसते, तेव्हा त्याचीच वही उघडते. मार्ट उधार देत नाही. पण उधारीच्या नावाखाली तो भाव चढवत असेल तर तेही दहा जणांनी मिळून विचारावे.

१४ एप्रिलनंतर दोनच महिन्यांत शाळा उघडतात. वह्या, दप्तर, छत्री, मुलीच्या कॉलेजची फी, सगळे एकदम समोर येते. वर मांडलेल्या हिशेबातले ८२५ रुपये तेव्हा घरात असले तर एका लेकराच्या वर्षभराच्या वह्या सुटतात. तेव्हा येत्या रविवारी विहारात वंदना झाली की लगेच उठू नका. दहा घरांची यादी तेथेच लिहायला घ्या.