नाव सांगा, मगच बोला : व्हिएतनामचा सोशल मीडिया आणि आपण

सुमारे दहा कोटी लोकसंख्येचा व्हिएतनाम आज मोबाईलवर जगतोय. दुकानदार क्यूआर कोडवर पैसे घेतो, शाळेचे निरोप ‘झालो’ ॲपवर येतात, आणि आपल्याकडे 2020 पासून बंद असलेल्या टिकटॉकवर तिथल्या बाया लाइव्ह येऊन कपडे विकतात. आपल्या घरात व्हॉट्सॲपची जी जागा आहे, ती तिथे 2012 साली सुरू झालेल्या ‘झालो’ची. या देशी ॲपचे वापरकर्ते सात कोटींच्या वर आहेत.

याच देशात 25 डिसेंबर 2024 पासून 147 क्रमांकाचा सरकारी आदेश लागू झाला. सोशल मीडियावर लिहायचं, कॉमेंट करायची किंवा लाइव्ह यायचं असेल, तर आधी मोबाईल नंबर किंवा ओळखपत्राने खातं पडताळून घ्यावं लागतं. सरकारने मागितली तर ती माहिती कंपनीने द्यायची, आणि सरकारला बेकायदा वाटणारा मजकूर 24 तासांत काढायचा. मे 2025 मध्ये टेलिग्राम बंद करण्याचेही आदेश निघाले.

सरकार म्हणतं, हे फसवणूक रोखण्यासाठी आहे. ही गोष्ट अगदीच खोटी नाही. ऑनलाइन लुबाडणूक तिथेही मोठी आहे. म्हणूनच 1 जुलै 2024 पासून एक कोटी डाँगपेक्षा जास्त रक्कम ऑनलाइन पाठवताना चेहऱ्याची पडताळणी करावी लागते. ऐकायला एक कोटी, पण आपल्या हिशोबाने तीस-पस्तीस हजार रुपये. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली आपल्याकडे किती म्हाताऱ्या माणसांची जमापुंजी गेली, हे पाहता असा नियम कुणालाही पटेल.

पण इथेच फरक ओळखायला हवा. पैसे पाठवणाऱ्याची ओळख तपासणं वेगळं आणि बोलणाऱ्याची ओळख तपासणं वेगळं. पहिल्यात चोर सापडतो, दुसऱ्यात टीका करणाराही सापडतो.

व्हिएतनाममध्ये खाजगी मालकीचं स्वतंत्र वर्तमानपत्र काढता येत नाही. प्रत्येक वृत्तसंस्था पक्ष, सरकारी खातं किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या छत्राखाली असते. भ्रष्टाचाराच्या बातम्या येतात, पण कुठवर जायचं ते वरून ठरतं. 2018 मध्ये ‘तुओई त्रे’ या लोकप्रिय दैनिकाची वेबसाइट तीन महिने बंद ठेवायला लावली होती. त्यामुळे सामान्य माणसासाठी फेसबुक हेच खरं वर्तमानपत्र बनलं. आणि म्हणूनच सरकारची नजर तिथे गेली.

ज्येष्ठ पत्रकार हुय डुक यांना फेसबुकवरच्या 13 लेखांसाठी फेब्रुवारी 2025 मध्ये 30 महिन्यांची शिक्षा झाली. लेखिका फाम दोआन त्रांग यांना डिसेंबर 2021 मध्ये नऊ वर्षांची. आणि कंपन्या? 2020 मध्ये स्थानिक सर्व्हर मंदावल्यावर फेसबुकने जास्त मजकूर अडवायची तयारी दाखवली. धंदा वाचला, वापरणाऱ्याचं काय? 2025 च्या जागतिक पत्रकार स्वातंत्र्य यादीत 180 देशांत व्हिएतनाम 173 वा आहे. आपण 151 वे आहोत, म्हणजे फार खूश व्हावं असं आपलंही नाही.

या देशात आपले दीनी बांधवही आहेत. चाम मुस्लिम संख्येने थोडे, कंबोडियाच्या सीमेलगत आन जियांग प्रांतात आणि हो ची मिन्ह सिटीत त्यांच्या वस्त्या आहेत. आन जियांगचे चाम सुन्नी आणि आपल्या कोकणी मुसलमानांसारखे शाफई आहेत. हो ची मिन्ह सिटीतली दोंग दू रस्त्यावरची जामा मशीद तर 1935 मध्ये दक्षिण भारतातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी बांधलेली. मुंबईहून फिरायला जाणारी आपली कुटुंबं नमाजसाठी तिथे जाऊ शकतात.

इतक्या छोट्या समाजाकडे स्वतःचं चॅनल नसतं, मोठं दैनिक नसतं. मदरशाची अडचण असो की जमिनीचा प्रश्न, सांगायला मोबाईलच असतो. मोठ्या समाजातला माणूस गर्दीत लपतो, छोट्या समाजातला लगेच दिसतो. म्हणून असे नियम सगळ्यांना सारखे लागू असले, तरी त्यांचं ओझं सारखं पडत नाही.

आपण यातून काय घ्यायचं? खोटी खाती, अफवा, भडकाऊ व्हिडिओ यांचा त्रास आपल्या समाजाला कमी झालेला नाही. त्यांच्यावर कारवाई व्हावी असं आम्हालाही वाटतं. पण आपल्याकडे असा एखादा नियम आला, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. आपली माहिती कुणाकडे राहणार? मजकूर काढायचा आदेश कोर्ट देणार की एखादा अधिकारी? आणि चूक झाली तर दाद कुठे मागायची? याची उत्तरं कायद्यात स्पष्ट लिहिलेली असतील, तर ओळख द्यायला हरकत नाही. नसतील, तर ते आजच विचारलेलं बरं. व्हिएतनाममध्ये आता हे विचारायलाही आधी ओळखपत्र दाखवावं लागतं.