विश्लेषण : बेडूक ट्रेमधून गेला, मग स्नायू शिकायचे कशावर?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वाढलेल्या बहुतेक मुलांनी घरी कोंबडा सोलताना पाहिलेला असतो. तंगडी कुठून सुटते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र स्नायू त्यांना फळ्यावरच्या आकृतीतच भेटतो.

पूर्वी कॉलेजात टाचण्यांनी ताणलेला बेडूक असायचा. ते थांबलं, हे बरंच झालं. पुस्तकं, मॉडेल किंवा फिल्मवर भागत असेल तर कॉलेजांत प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाच सांगतो. यूजीसीनं २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्यानं कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते बंद करायला सांगितलं.

पर्याय म्हणून अ‍ॅप आले. मी इंजिनीअर, अ‍ॅपशी माझं वैर नाही. पण स्क्रीनवरचा स्नायू बोटांना ओढ लावत नाही. शिवाय पाड्यावर रेंज शोधत फिरावं लागत असेल, तर थ्रीडी मॉडेल काय कामाचं?

माझ्या मते उत्तर चिकनच्या दुकानात आहे. तिथे कोंबडी खाण्यासाठीच कापलेली असते, धड्यासाठी वेगळा जीव जात नाही. कापलेल्या पंज्याच्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात. हेच स्नायुरज्जू. मागची दोरी ओढली की बोटं मिटतात, पुढची ओढली की उघडतात. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून तो जोडीनं लागतो. (केबलवर चालणारा रोबोटिक हातही असाच. हे मला इंजिनीअरिंगला कळलं, दहावीत कळायला हवं होतं.)

पंजा तंगडीपासून तोडू नका, असं दुकानदाराला सांगितलं तर आणखी मजा. दोरीचा माग काढत वर गेलं की ती तंगडीच्या मांसात शिरलेली दिसते. बोटं हलवणारा स्नायू बोटांत नसतोच! आपलंही बरंचसं तसंच. मूठ आवळताना कोपराखाली हात लावून बघा. तंगडीचं मांस छातीपेक्षा गडद का? कोंबडी दिवसभर पायांवर असते, त्या स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन जास्त असतं.

हातमोजे आणि नंतर साबण हवाच, कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला असू शकतो. शाकाहारी मुलांवर सक्ती नको, त्यांनी स्ट्रॉ आणि दोऱ्याचा पंजा बनवावा. बाकीच्यांसाठी एका गटाला एक पाय पुरतो.