दोन स्पीडचा कूलर आणि मोबाइलचे बटण

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या वर्धा जिल्ह्यातील बाजारात कूलरच्या ताट्या, गवत आणि पंप यांची मागणी सुरू होते. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या मालाची भर पडली आहे. मोबाइलवरून चालणारा, खोलीचे तापमान पाहून आपोआप चालू-बंद होणारा स्मार्ट थर्मोस्टॅट. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील काही दुकानदार बांधव तो मागवतात आणि कूलरला जोडून द्या म्हणून कारागिराला निरोप धाडतात. वस्तू वाईट नाही. पण ती ज्या मुलुखासाठी निघाली तेथील वायरिंग वेगळे आणि आपल्या कूलरचे वेगळे, ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

अमेरिका-कॅनडाच्या थंड प्रदेशात घर गरम ठेवण्यासाठी गॅसची भट्टी असते, तिला तिकडे फर्नेस म्हणतात. नव्या भट्ट्यांपैकी कित्येक दोन टप्प्यांच्या असतात. थंडी बेताची असेल तर पहिला टप्पा, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश ताकद; कडाक्याची असेल तर दुसरा टप्पा, पूर्ण ताकद. प्रत्येक टप्प्याची तार स्वतंत्र. दुसरा टप्पा लागतो तेव्हा पहिली तार चालूच राहते आणि तिच्या जोडीला दुसरी चालू होते. शिवाय थर्मोस्टॅटला स्वतःला वीज मिळावी म्हणून ‘सी’ नावाची एक कॉमन तार लागते. जुन्या घरांत ती बहुधा जोडलेली नसते, म्हणून तिकडचे लोकही तेथेच अडतात. परंतु हा सारा कारभार २४ व्होल्टवर चालतो. तार चुकली तर बहुधा भट्टीतला एक लहानसा फ्यूज उडतो.

आपल्याकडे स्विचमध्ये २३० व्होल्ट असतात, आणि कूलर म्हणजे पाण्याने भरलेली पत्र्याची पेटी.

आता दोन स्पीडची मोटार पाहा. तिच्यात वाइंडिंग एकच, त्यातून ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन तारा बाहेर काढलेल्या. फेज यांपैकी एकाच तारेवर द्यायचा असतो. दोन्हींवर एकदम दिला तर मधले वेढे आपल्याआपणच शॉर्ट होतात, त्यांत भारी करंट फिरतो आणि वाइंडिंग जळते. कूलरची जुनी फिरती कळ दिसायला गावठी, पण तिची रचनाच अशी की एका वेळी एकच स्पीड लागावा. ती काढून तेथे दोन सुटे रिले बसवले आणि भट्टीच्या पद्धतीने ‘पहिला चालू, वर दुसरा’ अशी जोडणी केली, तर मोटार थेट रिवाइंडिंगच्या दुकानात जाणार. माझ्या ओळखीच्या एका दुकानात ऐन लग्नसराईत हेच झाले. लग्नबस्त्याला आलेली मंडळी घामाने बेजार होऊन शेजारच्या दुकानात गेली. म्हणून रिले घ्यायचा तर चेंजओव्हर घ्यावा, म्हणजे एक सुटल्याशिवाय दुसरा लागूच नये.

दुसरी अडचण न्यूट्रलची. जुन्या पेठेतील अनेक दुकानांत कूलरच्या स्विचपर्यंत फक्त फेज आणलेला असतो. स्मार्ट उपकरणाला स्वतः जागे राहण्यासाठी न्यूट्रल लागतो. तो नाही असे दिसले की घाईतला माणूस अर्थिंगच्या हिरव्या तारेचाच न्यूट्रल करून मोकळा होतो. दिवा लागतो, मोबाइल बोलू लागतो, मालक खूश. पुढे कधी ती तार मागे कुठे तुटली की तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर करंट उतरतो. दर उन्हाळ्यात विदर्भातील वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. त्यांत लहान मुलेही असतात. अशी जोडणी ही चलाखी नव्हे, गुन्हा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

एमसीबी आहे ना, असे काहीजण म्हणतात. एमसीबी तार वाचवतो. सहा अँपिअरचा एमसीबी माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा करंट ओळखत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो फेज आणि न्यूट्रलमधील फरक पाहून क्षणात लाइन तोडतो. अर्थिंगचा न्यूट्रल केला असेल तर तो लागलीच पडतो, आणि मग हाच आरसीसीबी ‘खराब’ म्हणून काढून टाकणारे महाभागही आहेत! पाणी भरताना प्लग काढावा हे तरीही आलेच.

थर्मोस्टॅटकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना २४ वर आकडा लावला तर कूलर तेथे पोहोचणार नाही, तो दिवसभर हायवरच फिरेल. जुलैत हवा ओली झाली की पंप चालवून गारवा येत नाही, फक्त दमटपणा वाढतो. आपल्या कापडवाल्यांना त्याची किंमत ठाऊक आहे: कांजीचे कापड ढिले पडते, जर काळवंडते, तळातल्या गठ्ठ्याला बुरशीचा वास येतो. तेव्हा पंपाची तार मोटारीपासून वेगळी ठेवावी आणि ओलावा मोजणारे उपकरण मिळत असेल तर तेच घ्यावे. माझ्या मते आपल्या हवेला तापमानापेक्षा ओलाव्याचा हिशेब जास्त उपयोगी.

राहिला प्रश्न मजुरीचा. उपकरणाची छापील किंमत आपण मुकाट्याने मोजतो आणि कारागिराच्या मजुरीवर मात्र अर्धा तास घासाघीस करतो. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन, परवाना काढून बसलेला मुलगा न्यूट्रलची नवी तार मेनपासून ओढायची म्हणतो तेव्हा त्याला ‘काम वाढवतोस’ असे ऐकवले जाते. मग तो निघून जातो आणि हिरव्या तारेवर भागवणारा येतो. कारागीर बांधवांनीही एवढे करावे: न्यूट्रलची तार, अर्थिंग, आरसीसीबी आणि चेंजओव्हर यांची रक्कम बिलात वेगवेगळ्या ओळींत लिहावी, आणि यांतले काही नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम हातात घेऊ नये.