शाळेच्या फोटोत पाठीमागे काय आहे?

सभासद बंधू-भगिनींनो,

माझी लेक रोह्याजवळ वरसे गावी दिली आहे. ऊस कारखान्याला गेला, हात मोकळे झाले, म्हणून चार दिवस तिच्याकडे जाऊन आलो. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही. भाताची खाचरे, आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत. संध्याकाळी ओटीवर बसलो असता व्याह्यांनी पेटीतून त्यांच्या शाळेचा जुना फोटो काढला. "पाहुणे, यात मी कोणता, ओळखा बघू!" म्हणाले. झाले, सगळे घर गोळा झाले. हे गुरुजी, हा अमक्याचा आजा, असा गलका सुरू झाला.

माझी नजर पोरांच्या मागे गेली. जांभ्याची भिंत, वर कौले आणि उजव्या कोपऱ्यात एक आंबा. विचारले, "हा आंबा आहे का हो अजून?" व्याही जरा थांबले. म्हणाले, "आहे की. पण आता तो शाळेत नाही. कुंपणाच्या बाहेर गेलाय."

आंबा काही चालत गेला नाही. कुंपण आत आले. कधी आले, कुणाच्या सांगण्यावरून आले, हे ओटीवर कुणालाच सांगता येईना.

आपण शेतकरी माणसे. बांध वीतभर सरकला तर मोजणी आणतो, वेळ पडली तर कोर्टाची पायरी चढतो. शाळेचे मैदान सरकले तर मात्र गप्प. सगळ्यांचे, म्हणून कुणाचेच नाही.

वास्तविक या शाळा आपल्याच घामाच्या आहेत. महाराष्ट्रात कितीतरी शाळा-कॉलेजे शेतकऱ्यांनी उसाच्या बिलातून टनामागे कपात देऊन उभी केली. त्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. १९२७ साली महात्मा गांधी तिथल्या वसतिगृहात आले, त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, हे पुस्तकांत वाचायला मिळते. पण 'कमवा आणि शिका' म्हणत ज्या पोरांनी माती वाहिली, दगड फोडले, त्या प्रत्येकाचे नाव कोण लिहून ठेवणार? गावोगावच्या शाळांचीही तीच गत. कुणी बैलगाडी दिली, कुणी वासे दिले, कुणी नुसतेच राबले. त्याचा पुरावा सापडला तर एखाद्या घरच्या फोटोत सापडेल.

कुणी म्हणेल, "वर्ग गळतात ते आधी बघा, फोटोचं काय घेऊन बसलात?" बरोबर आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि खेळाचे मैदान या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. त्या मागायच्या तर कागद लागतो, आणि कागदाच्या जोडीला फोटो असला तर बोलणाऱ्याला बळ येते. एकट्या फोटोने हद्द ठरत नाही, हे खरे. पण सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढून बघायची बुद्धी तो नक्की देतो.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गावच्या सभासदांनी घरातल्या पेट्या उघडाव्यात. शाळेचा फोटो सापडला की त्यामागे साल, माणसांची नावे आणि फोटो कुठे उभे राहून काढला, हे पेन्सिलीने लिहावे. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होईल. मूळ फोटो घरीच ठेवावा, नक्कल शाळेत द्यावी. मग त्याच जागी उभे राहून आजचा फोटो काढावा. मोबाईल आता घरोघरी आहे, खर्च काही नाही. जुन्या खोल्यांचे निर्लेखन व्हायचे असेल, तर पाडण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. विहीर, झाडे, कुंपण, फाटक काही सोडू नये.

आणि हे दोन्ही फोटो पुढच्या ग्रामसभेत मांडावेत. बोलायचे काय, ते फोटो बघूनच सुचेल.

कळावे,
एक सभासद