आधी बेरिंग, मग बंपर

वलगाव रोडवरून शाळेत जाताना हल्ली रोज एक तरी अशी जीप दिसते, जिला चिखल कधी लागलेला नाही. चाकं कमरेएवढी. कपाळावर लाइटचा पट्टा. बॉनेटच्या बाजूने वर गेलेलं काळं नळकांडं, मागे लाल रंगाचे दोन जेरीकॅन, तेही रिकामे. काचेवर इंग्रजीत काहीतरी शूरपणाचं लिहिलेलं. ही गाडी जाते कुठे? चिखलदऱ्याला, डांबरी रस्त्याने, भाजलेलं कणीस खायला.

मला या गाड्यांचा राग आहे आणि तो मी आज लपवणार नाही. मागे एकदा चहाच्या टपरीवर हे बोललो तेव्हा एक पोट्टा म्हणाला, "मास्तर, तुम्ही उर्दू-मराठी शिकवा, गाडीतलं तुम्हाले काय समजते?" बरोबर आहे. बी.एड.ला किंगपिन नव्हती. पण माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या अकोल्यात अकोट फैलात मामूंच्या शेडमध्ये गेल्या. घमेल्यात डिझेल ओतून बेरिंगं धुणं हे माझं काम. दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत काळे, आणि अम्मी म्हणायची हा मुलगा कधी साहेब होणार नाही. (झालो नाहीच, मास्तर झालो.)

मामूंचं एकच सांगणं असायचं, "बेटा, गाडी को पहले सुन, फिर खोल." जुनी फोर-बाय-फोर जीप शेडमध्ये आली की ते आधी खाली झोपायचे. क्रॉसला हात लावून बघायचे ढिला आहे का. हाउसिंगचा बोल्ट सैल करून तेल बोटावर घ्यायचे. तेल ताकासारखं पांढुरकं निघालं की समजायचं, गाडी नाल्यातून गेली आहे आणि आत पाणी शिरलं आहे. हे पाणी कसं शिरतं ते मला त्यांनी सातवीत असताना समजावलं होतं. चालून चालून हाउसिंग तापलेलं असतं. ते एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. त्यासाठी हाउसिंगवर हवा जायला ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की झालं. उपाय काय? ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत न्यायची. खर्च फारच थोडा. आज ज्या गाड्यांना हजारो रुपयांचं नळकांडं लावलेलं असतं, त्यांच्या मालकांना विचारा, ब्रीदर कुठे आहे? इंजिन श्वास घेईल वरून, आणि खाली दोन्ही हाउसिंग पाणी पितील.

चाकांचंही तसंच. मोठं चाक लावलं की गाडी ताकदवान होते असं पोरांना वाटतं. होतं उलट. 29 इंची चाक काढून 33 इंची लावलं, तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे इंजिनाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. ब्रेक तेच, अॅक्सल तोच, क्रॉस तोच, आणि ओझं वाढलेलं. काट्यावर 60 दिसतं तेव्हा गाडी खरं तर 68 च्या आसपास धावत असते. हे आठवीच्या गुणोत्तर-प्रमाणाचं गणित आहे, गॅरेजचं गुपित नाही.

आणि ही रुंद चाकं आपल्या मातीत काय कामाची? पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ज्याने पावसात तुडवली आहे त्याला विचारा. ती चाकाच्या खाचांत भरते, मडगार्डमध्ये थापली जाते, आणि थोड्याच वेळात तुमचं महागडं चाक गुळगुळीत गोळा होतं. दर्यापूरकडचा शेतकरी अशा वेळी गाडी काढतच नाही, वाफसा यायची वाट बघतो. मेळघाटात मुरूम आणि दगड आहेत, तिथे जुनं अरुंद चाक चिखल कापून खालच्या टणक थरावर टेकतं. शिवाय चाकातली हवा थोडी कमी केली तर जे काम फुकटात होतं, त्यासाठी लोक दुकानात रांग लावतात. फक्त परत डांबरावर आल्यावर हवा भरायची आठवण ठेवावी लागते.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी जीप घेतली. मामूंना दाखव म्हणालो. तो म्हणाला, "मामूजान, वो पुराने जमाने के हैं." मग एका दुकानात, नाव सांगत नाही, तीन लाख ओतले. कमान पाटे बदलून गाडी वर उचलली, चाकं मोठी, पुढे लोखंडी बंपर, लाइट. गाडी फोटोत छान दिसायची. मागच्या पावसाळ्यात सेमाडोहहून परत येताना घटांगजवळ एका खड्ड्यात चाक आदळलं आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की भाच्याच्या हातात राहीना. पुढची दोन्ही चाकं वेड्यासारखी डावी-उजवी. एका बाजूला उतार, समोरून मोटरसायलीवर नवरा-बायको. मागच्या सीटवर माझी मुलगी. कशीबशी गाडी थांबली. मोटरसायकल वीतभर अंतरावरून गेली. त्या माणसाने मागे वळून शिवी दिली, ती मला आजही योग्य वाटते.

दुसऱ्या दिवशी मामूंनी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, आणि काही न बोलता माझा हात धरून चाकावर ठेवला. चाक दातासारखं हलत होतं. किंगपिनची बेरिंगं गंजलेली, ग्रीस वाळून खडा झालेलं. गाडी उचलल्यामुळे अॅक्सलचा कोनही बदलला होता. सायकलचा चिमटा तिरपा असतो म्हणून तिचं चाक सरळ धावतं, जीपच्या पुढच्या अॅक्सलचंही तसंच असतं, आणि तो तिरपेपणा दुकानाने घालवला होता. थरथर दुकानाला माहीत होती का? असणारच. कारण त्यांनी स्टिअरिंगला नवाकोरा, जाडजूड डॅम्पर लावला होता. दुखणं तसंच ठेवून गोळी देऊन गप्प केलं. काही शेकड्यांची बेरिंगं तीन लाखांच्या बिलात बसली नाहीत.

दोष एकट्या दुकानाचा नाही, हेही सांगतो. भाच्याने बेरिंग मागितलंच नव्हतं. बेरिंग दिसत नाही.

कायद्याचं नाव घेतलं की ही मंडळी चिडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. लोखंडी बंपरविरुद्ध तर केंद्राने 2017 मध्येच राज्यांना लिहिलं होतं. मी कायद्याच्या बाजूने आहे, पण पूर्ण समाधानी नाही. जंगलातल्या गावाला जाणाऱ्या गाडीला ओढायचा मजबूत हुक, इंजिनाखाली पत्रा, वर नेलेली ब्रीदरची नळी, हे शौक नाहीत. त्यांच्यासाठी सरळ, स्वस्त मंजुरीची वाट हवी. दुसरं म्हणजे खाजगी गाडीची फिटनेस तपासणी पंधरा वर्षांनी येते. तोवर धूर तपासला जातो, पण चाक वर-खाली हलवून कोणी बघत नाही. बंपरवाला चौकात दिसतो म्हणून सापडतो. ज्याच्या बेरिंगात ग्रीस नाही तो सलाम ठोकून पुढे जातो.

पण माझं खरं भांडण पोलिसांशी किंवा दुकानाशी नाही, आपल्याच लोकांशी आहे. आमच्याकडे रिश्ता आला की विचारतात, "लडका क्या करता?" मिस्त्री म्हटलं की खोलीत शांतता पसरते. तोच मुलगा गाड्या मॉडिफाय करायचं दुकान चालवतो म्हटलं की सरबत येतं. म्हणजे गाडी सजवणारा इज्जतदार आणि तिच्याखाली झोपून तिला चालती ठेवणारा कमी दर्जाचा! माझ्या वर्गातून नववीत सुटलेली पोरं मला गॅरेजमध्ये भेटतात, मान खाली घालून सलाम करतात. मी शिकवलेलं गुणोत्तर ती रोज वापरतात, पण त्यांना वाटतं आपण नापास झालो. आणि त्यांना तसं वाटायला लावणाऱ्यांत मीही होतो. "पढो, नहीं तो पाना पकडना पडेगा," हे वाक्य मी वर्गात किती वेळा बोललो आहे! मामूंसमोर बोललो असतो का?

या जीपचा इतिहास तर आम्हाला माहीत असायला हवा. देशात विलिज जीप जोडणारी कंपनी 1945 मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इथे 1948 मध्ये पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आमच्यातली काही मंडळी ही गोष्ट छाती फुगवून सांगतात. सांगा, पण जे मोहम्मद गेले नाहीत, इथेच राहिले आणि पन्नास-साठ वर्षं त्याच जीपखाली पाठीवर झोपून क्रॉस बदलत राहिले, त्यांचं नाव कोण घेतं? मामूंचा मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. शेड कोणी घेणार नाही.

भाच्याची जीप सध्या मामूंकडेच आहे. बेरिंगं बदलली, दोन्ही हाउसिंगचं तेल काढलं, पाटे जुन्या उंचीला आणले. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील घालून थोडं चालव, नाहीतर जाम होईल, आणि डांबरावर चुकूनही घालू नको, असं मामूंनी त्याला दोनदा बजावलं. लाइटचा पट्टा त्याने स्वतःहून उतरवला. बंपर मात्र काढायला तयार नाही, आणि त्यावरून मामूंचं आणि त्याचं बोलणं बंद आहे. मजुरी किती झाली ते मलाच विचारायला पाठवतात.